पावती क्रमांक १ : बस डेपोत युनियन उभी करताना

मी भाडेतत्त्वावरच्या शहर बसवर ड्रायव्हर आहे. बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा. कंडक्टर आणि तिकिटाचे पैसे मात्र महापालिकेच्या परिवहन उपक्रमाचे. शहराचं आणि ठेकेदाराचं नाव सांगत नाही, कोर्टात तारखा चालू आहेत. २०२२-२३ मध्ये आम्ही युनियन कशी नोंदवली आणि कुठे कुठे तोंडावर आपटलो, ते या लाइनीत नव्याने आलेल्या पोरांसाठी लिहितोय.

आमची ठिणगी म्हणजे स्प्लिट ड्युटी. पहाटे पाचला बस बाहेर काढायची, साडेनऊला डेपोत. पुन्हा चारला बस हातात, रात्री साडेनऊला सुटका. मधले साडेसहा तास पगारात नाहीत, आणि घर बावीस किलोमीटरवर, म्हणजे झोप डेपोतल्या बाकावर. त्या वेळी लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये लिहिलं होतं की काम दिवसाला आठ तास, आणि ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा काळ, विश्रांती धरून, बारा तासांच्या आत. आमचा साडेसोळा तासांचा होता. यावर कोणी तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी त्याला 'गाडी नाही' सांगून परत पाठवायचे. गाडी नाही म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही.

नवीन पोरांच्या डोक्यात युनियन म्हणजे संप. त्यांचा दोष नाही, त्यांनी तेवढंच पाहिलंय. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला. एसटीचा विलीनीकरणाचा संप २०२१ च्या दिवाळीत पेटला, तो एप्रिल २०२२ पर्यंत गेला, आणि शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा म्हणून सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तर मुंबईत आमच्यासारख्याच भाडेतत्त्वावरच्या बसच्या ड्रायव्हरांनी आठवडाभर गाड्या उभ्या केल्या. त्या आठवड्यात आमच्या डेपोतही गरम डोक्यांची कमी नव्हती. पण संप ही शेवटची पायरी आहे, आणि तिथपर्यंतचा जिना कागदाचा आहे.

हे मला एका निवृत्त कंडक्टरने शिकवलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. डेपोसमोरच्या टपरीवर मी त्यांना जोरात सांगत होतो की सगळे ड्रायव्हर आमच्या बरोबर आहेत. त्यांनी चहा संपवला आणि एकच विचारलं, "पावतीपुस्तक आणलंस का?" मी म्हटलं, आधी माणसं जमू दे. ते म्हणाले, "माणसं जमलीत हे तू सांगतोस. कोर्टाला पावती सांगते."

राज्यात १९७१ चा कायदा आहे, महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम. त्याखाली मान्यता, म्हणजे मालकाशी वाटाघाटी करायचा हक्क, हवी तर आस्थापनेतल्या किमान ३० टक्के कामगारांचं सभासदत्व लागतं, तेही अर्जाच्या आधीचे सहा महिने सलग. सलग या शब्दावर युनियन्या मरतात. संपाच्या महिन्यात चारशे लोक वर्गणी भरतात, पुढच्या महिन्यात साठ. म्हणून वर्गणी महिन्याला दहा रुपये ठेवा, पण माफ कोणालाही करू नका. स्वतःच्या मेहुण्यालासुद्धा. पावतीवर तारीख, नाव, बॅज नंबर, आणि स्थळप्रत, म्हणजे पावतीचा पुस्तकात राहणारा भाग, आपल्याकडे. आमच्या पहिल्या पुस्तकात खजिनदाराने तीन पावत्यांवर तारीखच घातली नव्हती. ते तिन्ही सभासद मोजणीतून बाद झाले.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. नोंदणीसाठी तेव्हा १९२६ चा कामगार संघटना कायदा होता. २००१ च्या दुरुस्तीनंतर नियम असा, की सात जण अर्ज करू शकतात, पण कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. आमच्या डेपोत २४० ड्रायव्हर. १० टक्के म्हणजे २४. आम्ही ऐटीत ३० जणांची यादी दिली. अर्ज परत आला. ठेकेदाराचा नदीपलीकडे आणखी एक डेपो होता, तिथले १७० ड्रायव्हर आम्ही धरलेच नव्हते. एकूण ४१०, म्हणजे ४१ जण लागत होते. त्या डेपोत आमची एकाशीही ओळख नव्हती. पुढचे दोन महिने ड्युटी सुटल्यावर मी तिथल्या रेस्ट रूममध्ये जाऊन बसायचो, पहिले काही दिवस नुसता पत्ते खेळायला.

तेव्हा अर्ज लिहायच्या आधी पगारस्लिपवर आणि पीएफच्या पासबुकात कोणाचं नाव छापलंय ते बघा. तोच तुमचा मालक, आणि तो जिथे जिथे माणसं ठेवतो ते सगळं मोजणीत येतं. इथेच दुसरा खड्डा आहे. गणवेशावर उपक्रमाचा लोगो असला की वाटतं, उपक्रमालाच कोर्टात खेचावं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या खटल्यांत सांगून ठेवलंय की मालक-कामगार नातंच वादात असेल, तर १९७१ च्या कायद्याखाली मूळ मालकाविरुद्ध, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्याविरुद्ध, आमच्याकडे उपक्रमाविरुद्ध, तक्रार चालत नाही. आधी ते नातं वेगळ्या मार्गाने सिद्ध करावं लागतं. आम्ही एका उत्साही वकिलाच्या नादाने आठ महिने याच भिंतीवर डोकं आपटलं. पगार थकला तर मात्र गोष्ट वेगळी. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, हे कंत्राटी कामगार कायदा, १९७० मध्ये होतं. एका दिवाळीला तेवढ्या एका कलमावर आमचा पगार सुटला.

व्हॉट्सॲप ग्रुप सुरुवातीला काढू नका. आमच्या पहिल्या ग्रुपचा स्क्रीनशॉट चाळीस मिनिटांत मॅनेजरच्या टेबलावर होता. सह्या टपरीवर घ्या, घरी जाऊन घ्या, लग्नाच्या पंगतीत घ्या. नोंदणी झाली की मग काय तो फलक लावा, गेट मीटिंग घ्या.

बाहेरचा अध्यक्ष घ्यावा का, यावर आमच्यात दोन रात्री भांडण झालं. कायद्याने पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच, जे कमी असेल तेवढे बाहेरचे चालतात. फायदा उघड आहे, त्यांना कोणी 'गाडी नाही' म्हणू शकत नाही. तोटा असा की निवडणूक जवळ आली की अध्यक्षांना तुमच्या स्प्लिट ड्युटीपेक्षा स्वतःचा वॉर्ड महत्त्वाचा वाटतो. आम्ही अध्यक्ष बाहेरचा घेतला, पण सरचिटणीस आणि खजिनदार चाकावर बसणारेच ठेवले. बँकेच्या खात्यावर सही त्या दोघांची.

मॅनेजर मला एकदा केबिनमध्ये बोलावून प्रेमाने म्हणाले, "अहो, तुम्हाला सुपरवायझर करायचा विचार चाललाय." युनियन सोडायची ती लालूच होती, मी नाही म्हटलं. पण घरी सांगितल्यावर बायको दोन दिवस बोलली नाही, आणि तिचंही चुकलं म्हणता येणार नाही. मुलीची फी तेव्हा थकली होती.

आता आमची नक्कल जशीच्या तशी करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा कायदा तिच्यात गेला. नोंदणीचा १० टक्क्यांचा नियम तसाच आहे. पण एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटी करायचा हक्क ५१ टक्के कामगार पाठीशी असलेल्या युनियनला. तितके कोणाकडेच नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियन्यांची मिळून परिषद. संपाआधी १४ दिवसांची नोटीस. राज्याचा १९७१ चा कायदा आणि ही संहिता यांतलं तुमच्याकडे नेमकं काय चालतं, ते लेबर ऑफिसात आणि वकिलाकडे, दोन्हीकडे विचारा.

नदीपलीकडच्या डेपोत गेल्या महिन्यात दुसरी युनियन निघाली. तिच्या सभासदांना 'गाडी नाही' कधी ऐकावं लागत नाही, यावरून काय ते समजा. ५१ टक्क्यांसाठी ४१० पैकी २१० जण लागतात. काल रात्री खजिनदाराने स्थळप्रती मोजल्या, १८७ भरल्या. उद्या माझी दुसरी पाळी आहे, सकाळी पत्ते घेऊन तिकडेच जाणार आहे.