जळगावात घर बघताय? आधी शाळेपर्यंत चालून या

मी चिपळूणहून बदलीवर जळगावात आलो, त्याला बावीस वर्षं झाली. नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, "कुठली कॉलनी चांगली?" मी विचारतो, पोरं केवढी आहेत?

रो-हाऊस दाखवताना एजंट हमखास म्हणतो, "शाळा दोन मिनिटांवर आहे, भो." मलाही म्हणाला होता. शाळेच्या नावावर भावही चढवून सांगितला. एप्रिलमधल्या एका दुपारी मुलीचा हात धरून ते अंतर चालून पाहिलं. वीस मिनिटं लागली, त्यातली सहा नुसता हायवे ओलांडायला. मुलगी लालबुंद झाली होती. इथे पारा ४५ च्या वर जातो, कोकणातल्या घामाचा अनुभव इथे कामाचा नाही. ते घर तिथेच सोडलं.

महापालिकेची किंवा झेडपीची शाळा जवळ असेल तर इमारतीचा रंग बघू नका, पट विचारा, म्हणजे शाळेत किती मुलं आहेत ते, आणि शिक्षक किती तेही. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक, हा कायद्याचा निकष. पट टिकून असलेल्या शाळेभोवती वह्यांचं दुकान, रिक्षा, शिकवणी सगळं आपोआप येतं, आणि पुढे घर विकताना किंवा भाड्याने देताना गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही. पट घसरलेला असेल तर शाळेच्या नावाने एक रुपयाही जास्त देऊ नका.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित-दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घर विकत घ्यायची घाई नकोच. खासगी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर प्राधान्य मिळतं, आणि त्याला भाड्याचं घरही चालतं. फक्त भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. घरमालक "कशाला खर्च?" म्हणेल; ऐकू नका. अर्जात घराचं ठिकाण नकाशावर नेमकं दाखवा. २०२४ मध्ये सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून वगळायचा नियम आला होता, उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा "आता ते बंद झालं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वर्षभर भाड्याने राहा, खरेदीखत नंतर.

आणि भुसावळला रेल्वेत रात्रपाळी असेल, तर शाळेच्या भिंतीला भिंत लावून घर घेऊ नका. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, प्रार्थना भोंग्यावर होते. आम्ही घेतलंय. मतदानाच्या दिवशी तर रांग थेट आमच्या फाटकापर्यंत येते, आणि पाणी आमच्याकडेच मागतात.