वेबसाइट डिझाइन आणि कॉपीराइट : या चुका टाळा

‘त्या अमुक साइटसारखीच करून द्या’ असं ग्राहक म्हणाला की डिझायनर घाबरतो, पण भलत्याच गोष्टीला. वर मेनू, खाली मोठा फोटो, त्याखाली तीन चौकटी ही मांडणी कुणाच्या मालकीची नसते. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात उतरली त्या रूपाला मिळतो. बौद्धिक संपदेबद्दलच्या १९९४ च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारातही हे स्पष्ट लिहिलं आहे. (लोगो आणि रंगसंगती उचलून लोकांची फसगत होत असेल, तर ते प्रकरण ट्रेडमार्कचं.) खरी अडचण येते ती फोटो, मजकूर, आयकॉन, फॉन्ट आणि कोड यांच्यामुळे. एकाच साइटवर या प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो.

‘कॉपीराइटचं चिन्ह नाही, म्हणजे मोकळं’

१८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराची पुढे झालेली रचना अशी, की कृती तयार झाली की हक्क आपोआप मिळतो. नोंदणी नको, चिन्ह नको. अमेरिकेत मात्र १ मार्च १९८९ पर्यंत प्रकाशित कृतीवर कॉपीराइटची सूचना छापावी लागे. हा गैरसमज टिकून राहण्यात त्याचाही वाटा असावा.

‘खाली नाव दिलं की झालं’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जर्मनीतल्या एका शाळेच्या वेबसाइटवर विद्यार्थ्याच्या लेखासोबत कोर्दोबा शहराचा फोटो टाकला होता. तो एका प्रवासविषयक साइटवर सर्वांना खुला होता आणि कुठून घेतला तेही लिहिलं होतं. तरीही २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की दुसऱ्या साइटवर नव्याने चढवायला छायाचित्रकाराची परवानगी लागते. श्रेय ही परवानगीची एक अट असू शकते, पण परवानगीची जागा श्रेय घेत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे मालकाने ठरावीक अटींवर सर्वांना वापरायला दिलेला, फोटो असेल तर परवान्याची अक्षरंही वाचा: ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदल करून पुढे द्यायचं नाही.

‘वीस टक्के बदललं की नवं होतं’ असा नियम कुठल्याच कायद्यात नाही. फोटो उलटा करून रंग बदलला तरी मूळ फोटो तोच राहतो.

परवाना घेतला, पण वाचला नाही

‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापरामागे वेगळे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. संगणकासाठी घेतलेल्या फॉन्टचा परवाना वेबसाइटवर चालेलच असं नाही. विकत घेतलेल्या थीमच्या डेमोमधले फोटो बऱ्याचदा खरेदीत धरलेले नसतात, आणि ते तसेच ठेवून साइट सुरू करणारे पुष्कळ असतात. एमआयटी या खुल्या परवान्याखाली दिलेला कोड मोफत असतो, पण त्यातली कॉपीराइटची सूचना सोबत ठेवावी लागते. फाइल आटोपशीर करणारी साधनं कोडमधल्या टिप्पण्या पुसतात, तेव्हा ही सूचनाही जाऊ शकते. अंतिम फाइली तयार (बिल्ड) झाल्यावर एकदा बघा.

पैसे दिले म्हणून डिझाइनचे सगळे हक्क आपलेच, असं ग्राहक धरून चालतो. अनेक देशांत स्वतंत्र काम करणाऱ्याचे हक्क लेखी हस्तांतर केल्याशिवाय त्याच्याकडेच राहतात. हक्क कुणाकडे जाणार याच्या दोन ओळी करारात घाला.

नोटीस आली तर

गप्प बसू नका आणि घाईने पैसेही भरू नका. पाठवणारा फोटोचा खरा मालक आहे का, याचा पुरावा मागा. आपल्या परवान्याची पावती शोधा. पावती सापडत नसेल तर फोटो हटवा, पण फक्त पानावरून नाही, सर्व्हरवरची फाइल आणि कॅशमधली (तात्पुरती साठवलेली) प्रतही हटवा. फोटो हटवला म्हणजे आधीच्या वापराबद्दलची पैशांची मागणी संपत नाही, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर वकील गाठा.

आपलीच साइट कुणी उचलली तर

भांडण काढण्याआधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) दोन्ही पानं जतन करा. समोरच्याला सुगावा लागला की पान बदलतं. मग साइटच्या मालकाला लिहा. दाद मिळाली नाही तर होस्टिंग कंपनीला, म्हणजे जिच्या सर्व्हरवर ती साइट आहे तिला. अमेरिकी कंपनी असेल तर १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली मजकूर हटवण्याची नोटीस देता येते. तिच्यात मूळ पानाचा आणि नकललेल्या पानाचा नेमका पत्ता द्या. ‘अख्खी साइट चोरली’ एवढंच लिहिलं, तर नेमकं काय काढायचं ते होस्टला कळत नाही.