पाळोळेहून बटरफ्लाय बीच कयाकने: दंडातल्या ताकदीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं

दक्षिण गोव्यातल्या पाळोळेहून बटरफ्लाय बीचला कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीने जायचं, तर पहिली गोष्ट, सकाळी सात वाजता पाण्यात. नाश्ता करून आठ नाही, सातच. मित्रांचा ग्रुप म्हटला की रात्री एकपर्यंत गप्पा आणि मग "अरे दहाला निघू की, समुद्र काय पळून चाललाय का" हे होणारच. समुद्र पळत नाही पण वारा येतो ना. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकासा असतो, पाणी बऱ्यापैकी सपाट असतं, आणि जमीन तापायला लागली की दुपारच्या आसपास तोच उलटा फिरतो, समुद्रावरून वायव्येकडून येतो आणि जोर धरतो. आता गंमत अशी की बटरफ्लाय पाळोळेच्या उत्तरेला, म्हणजे परत येताना हा वारा पाठीमागून. वाटतं बरं झालं, आयता धक्का मिळेल. तसं नसतं हो, मागून लाटा आल्या की कयाकचं शेपूट घसरतं, तोंड भलतीकडेच फिरतं, आणि वारा तुम्हाला हळूहळू खडकांकडे ढकलत राहतो. दंडात कितीही ताकद असली तरी तासभर हे झेपत नाही, म्हणून सगळा प्लॅन उलटा मोजायचा: साडेदहा-अकराला वाळूवर परत, मग बाकीचं.

दिवस कुठला निवडायचा, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विषयच नाही. एप्रिल-मे मध्ये कधी कधी वारा नसतानाही लांबून आलेल्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर येतात, त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइसचे, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचे, लाटांचे इशारे आदल्या रात्री बघायचे. लाइफगार्डने लाल बावटा लावला असेल तर हुज्जत घालू नका.

भरती-ओहोटीचा आपल्याकडचा जुना हिशोब माहीत असेल, तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, भरती सहाच्या सुमारास. हा मुंबईकडचा हिशोब, गोव्यात भरती त्याच्या जरा आधी येते, म्हणून मोबाईलवर गोव्यातल्या मुरगाव बंदराचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा बघाच. पण तिथीचा खरा उपयोग वेगळा आहे, पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं, आणि अष्टमीच्या मागेपुढे भांग, तेव्हा चढउतार कमी. नवख्या लोकांना घेऊन जाताय तर भांगाचे दिवस पकडा. बटरफ्लायची वाळू मुळात चिमूटभर, उधाणाच्या भरतीत तीही आक्रसते आणि मग कयाक लावायला जागा शोधत बसायचं.

कयाक पाळोळेच्या बीचवरच भाड्याने मिळतात, वर बसायच्या, प्लास्टिकच्या, बहुतेक दोघांच्या. पैसे देण्याआधी एक बाजू उचलून हलवा, आत पाणी खळखळलं तर दुसरी मागा. वल्ह्याची पाती सैल नाहीत ना बघा. लाइफ जॅकेट घालून मित्राला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा, हनुवटीपर्यंत आलं तर ते ढिलं आहे. शिट्टी प्रत्येकाकडे. माणशी दीड-दोन लिटर पाणी, केळी, चिक्की, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, दोरीची टोपी, आणि पायात पट्ट्याचे सँडल हवेतच, चपला पहिल्याच लाटेत जातात आणि खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. फोन ड्राय बॅगमध्ये, बॅग कयाकला बांधून, तटरक्षक दलाचा १५५४ सेव्ह करून. कयाकवाल्याला कुठे जातोय, किती वाजता येतोय हे सांगून ठेवा.

जोडी लावताना अनुभवी किंवा वजनदार माणूस मागे, तो दिशा सांभाळतो. पुढच्याने फक्त ताल धरायचा, मागच्याने तो बघून वल्हवायचं, नाहीतर वल्ह्यावर वल्हं आपटत राहतं. नवरा-बायकोला शक्यतो वेगळ्या कयाकमध्ये बसवा, अनुभवाने सांगतोय. हाताने ओढू नका, कमरेतून वळा, नाहीतर वीस मिनिटांत खांदे भरून येतील.

निघायच्या आधी पंधरा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटायचं, हे सगळे टाळतात आणि हेच खरं कामाचं. कयाक सरळ करा, मधल्या भागाला धरा, पाय मारत अंग पाण्यावर आडवं आणा, पोटावर चढा, मग वळून बसा. दुसऱ्याने पलीकडची बाजू दाबून धरायची. ज्याला जमत नाही त्याला घेऊन उत्तर टोकाच्या खाडीत फिरा, भरतीला तेही छान असतं.

आता खडक. उत्तर टोकाला काणकोणचं बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं, म्हणजेच तेव्हा मधल्या फटीत पाणी कमी आणि खडप जास्त. पाणी पुरेसं असेल तरच मधून, नाहीतर बाहेरून लांबचा वळसा. पुढे कातळाचा किनारा लागतो, आणि जवळ जायचा मोह होतोच. वीस-तीस मीटर अंतर ठेवा. लाट कातळावर आपटून परत येते, येणारी आणि परतणारी एकमेकींना भिडल्या की पाणी जागच्या जागी उड्या मारतं, तिथे वल्हं टाकावं तर कधी पाणी लागतं कधी हवा. दुसरं म्हणजे बुडालेले खडक, पाच-सहा लाटा वरून गुपचूप जातात आणि एखादी मोठी आली की तिथेच फुटते. शंका आली की थांबा, दोन मिनिटं नुसतं बघा, फेस कुठे रेंगाळतोय ते कळतं.

आमच्यातला एक रीलसाठी अगदी जवळ गेला. लाटेने कयाक उचलली, पाणी ओसरलं, आणि कयाक तिरकी होऊन खडकावर बसली, दोघेही पाण्यात. एकाने खडकावर चढायचा प्रयत्न केला आणि गुडघा सोलून घेतला. चढायचं नसतं, खडकापासून लांब, समुद्राच्या दिशेने पोहायचं, जॅकेट तरंगवतंच. बाकीच्यांनी मदतीला जवळ न जाता बाहेर थांबून दोरी टाकायची, नाहीतर एकीच्या दोन कयाक अडकतात.

बटरफ्लायला उतरताना बाहेरच थांबा, मोठ्या लाटा जाऊ द्या, एका लाटेच्या पाठोपाठ सरळ आत शिरा, आडवे झालात की उलटलात. उतरल्यावर कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच उभं राहू नका, पुढची लाट ती कयाक तुमच्या नडगीवर आणते. सकाळी डॉल्फिन दिसतात कधी कधी, त्यांच्या मागे वल्हवत सुटू नका, थांबलात तर जवळून जातात. पुढे आगोंदपर्यंत जायचा उत्साह एखाद्याला येईलच, पहिल्या खेपेला नाहीच म्हणा, आणि कधी गेलात तर तिथे कासवांच्या घरट्यांसाठी राखलेल्या भागात कयाक ओढू नका.

परतीला सगळ्यात दमलेल्याच्या वेगाने. आम्ही पावणेअकराला वाळूवर आलो, गुडघा धुतला, मासळीची थाळी मागवली आणि ती येईपर्यंत, बारा वाजले असतील, तासाभरापूर्वी आम्ही होतो त्याच पाण्यावर पांढरे तुरे उठायला लागले होते.