सायनसची सूज आणि चक्कर : थंड देशात नव्याने आलेल्यांसाठी

पहिल्या हिवाळ्यात नाक चोंदते, कपाळ आणि गाल ठणकतात, डोके गरगरते आणि आपली मंडळी ‘सायनसची चक्कर’ असे निदान परस्पर करून मोकळी होतात. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांचा चकरेशी संबंध आहे, पण तो कानाच्या वाटेने. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक अरुंद नळी जाते. सायनसबरोबर तिच्याही अस्तराला सूज आली की कानातला दाब बाहेरच्या हवेशी जुळत नाही, दडे बसतात आणि चालताना तोल जातोय असे वाटते. अंथरुणात कूस बदलताच खोली फिरू लागून मिनिटभरात थांबत असेल, तर मात्र दोष बहुधा आतल्या कानात जागेवरून सुटलेल्या सूक्ष्म कणांचा असतो. त्यावर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याचा उपचार आहे, सायनसच्या गोळ्या नव्हेत. म्हणून खोली फिरते, तोल जातो की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ते किती वेळ टिकते, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.

कळकळीने सांगावेसे वाटते ते नाक मोकळे करणाऱ्या स्प्रेबद्दल. दोन फवाऱ्यांत श्वास मोकळा होतो, म्हणून लोक तो आठवडेच्या आठवडे उशाशी ठेवतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे तो वापरला की औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते, पुन्हा फवारा लागतो आणि या चक्रातून सुटायला फार त्रास होतो. पाकिटावरची मुदत पाळा, कृपा करून पाळा. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला अशी मुदत नाही. मात्र ते पाणी उकळून गार केलेलेच हवे.

येथील डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत, ही आपल्या लोकांची नेहमीची कुरकुर मला पटत नाही. सायनसचा दाह बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि तो आपोआप ओसरतो. दहा दिवसांनीही उतार नसेल किंवा बरे वाटू लागल्यावर त्रास उलटला, तर पुन्हा जावे. गावाकडून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या एकमेकांना वाटू नयेत. त्यांतल्या अनेकांनी झोप आणि चक्कर दोन्ही येतात, आणि त्या घेऊन गाडी चालवणे धोक्याचे आहे.

कानातला दाब बाहेरच्या हवेशी जुळत नसल्याने चोंदलेल्या नाकाने विमानप्रवास शक्यतो टाळावा.

चकरेबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा वाकडा झाला किंवा हातापायातली शक्ती गेली, तर सायनसचा विचार सोडून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.