ऑडिशनला हात थरथरणारच, लय तेवढी सांभाळा

संगीत विद्यालयाच्या ऑडिशनची तारीख कळली की जो तो एकच विचारतो, भीती घालवायची कशी? ती जात नाही. पाब्लो कासाल्ससारख्या चेलोवादकालाही ती जन्मभर पुरली. १९०१ मध्ये डोंगर उतरताना त्यांच्या डाव्या हातावर दगड कोसळला, तेव्हा मनात पहिला विचार आला तो सुटल्याचा, आता चेलो वाजवायला नको! हे त्यांनीच सांगून ठेवलंय. नंतर नव्वदी ओलांडल्यावरही ते वाजवत होते. तेव्हा पोटात गोळा आला म्हणून आपण कच्चे आहोत असं समजू नका.

मी व्हायोलिनचं सांगणार आहे, पण गाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सगळे सूर आणि पाठांतर यांच्या मागे लागतात. खरा सापळा असतो लयीचा. छाती धडधडत असताना आपलं आतलं घड्याळ पुढे पळतं. घरी ७२ला, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत, बसवलेली रचना तिथे ८४ला सुरू होते, आणि गंमत म्हणजे आपल्याला ती ७२च वाटते. उलट जरा रेंगाळतेय की काय अशी शंका येते! पहिल्या दोन ओळी झोकात जातात. मग येतो तो अवघड तुकडा, जिथे ७२लासुद्धा बोटं जेमतेम पोचतात. तिथे सगळं सांडतं आणि बाहेर येऊन आपण म्हणतो, ऐनवेळी घाबरलो. घात खरं तर पहिल्याच मात्रेला झालेला असतो. मला या प्रकाराने इतकं छळलंय की अजूनही कोणी घाईत सुरुवात केली की मलाच घाम फुटतो.

म्हणून सुरुवातीच्या ओळीवरून लय धरूच नका. व्हायोलिन खांद्यावर घेतलं की सगळ्यात अवघड तुकडा मनात गुणगुणा, ज्या लयीत तो स्वच्छ येतो त्याच लयीत. ती लय अंगात भिनू द्या, मग सुरुवातीवर या आणि गज तारांवर टेका. याला पाच-सहा सेकंद लागतात. तुम्हाला ते युग वाटेल, परीक्षक मात्र तोवर कागदावर तुमचं नाव शोधत असतात.

हे घरी निवांत बसून घोकलं तर उपयोग शून्य. भराभर जिने चढून या, धाप लागलेली असतानाच वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, लावून ताडून बघा. स्वतःची चढलेली लय कानांनी ऐकल्याशिवाय कोणाचाच विश्वास बसत नाही. घरच्यांपुढेही वाजवा, पण ते आधीच तुमच्या बाजूचे असतात. ज्याला तुमचं काही पडलेलं नाही असा एखादा श्रोता गाठा.

हात गार पडतात, कारण ॲड्रेनलिनने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. हातमोजे किंवा कोमट पाणी, विषय संपला. गज थरथरतो तो लांब, संथ सुरांवर. तो आवळून धरला की थरथर आणखी वाढते. अंगठा सैल सोडा, श्वास सोडत गज ओढा.

"एक गोळी घे, सगळं शांत होतं" असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. बहुधा तो प्रोप्रानोलॉलबद्दल बोलत असतो. तिने धडधड आणि थरथर कमी होते हे खरं, काही वादक ती घेतातही. पण दमा असलेल्याच्या ती जिवावर बेतू शकते. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी ऑडिशनच्या सकाळी तोंडात टाकणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जा, तेही वेळ हाताशी असताना.

आणखी एक, शेवटच्या आठवड्यात गजाची पकड बदलायला लावणारे गुरू. त्यांना नमस्कार करा, हो म्हणा आणि जुन्याच पकडीने वाजवा. हे मत अनेकांना उद्धट वाटतं. वाटू दे.

परीक्षकांनी मध्येच थांबवलं तर मात्र हातपाय गाळू नका. त्यांच्याकडे वेळ कमी असतो, हवं ते ऐकून झालं म्हणूनही थांबवतात. पुढची रचना मागितली की लगेच गज टेकू नका. तिच्यातलाही अवघड तुकडा आधी मनात गुणगुणून घ्या.