भूकंपासाठी घर कसं तयार करायचं? सुरुवात झोपायच्या खोलीपासून करा

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारच्या सुमाराला. जपानमधलं कोबे, १९९५, पहाटे ५:४६. तुर्कस्तान, फेब्रुवारी २०२३, पहाटे ४:१७. भूकंपाला काळवेळ नसते, भरदिवसाही तेवढेच होतात, पण रात्री झाला की सगळे गाढ झोपेत, लाईट गेलेली, आणि काय चाललंय हे डोक्यात शिरेपर्यंत मुख्य हादरा संपलेला असतो. जोराचा हादरा बहुतेक वेळा मिनिटभरही टिकत नाही, तेवढ्यात विचार करून काही ठरवणं कुणालाच जमत नाही. म्हणून जे ठरवायचं ते आधी ठरवायचं, आणि माझं मत विचाराल तर सुरुवात बॅग भरण्यापासून नको, पलंगापासून करा.

आज रात्री झोपायला गेलात की उताणे पडा आणि डोक्यामागे, वर, पायाशी आणि दोन्ही बाजूंना नीट बघा. डोक्यावर फ्रेम, घड्याळ, शेल्फ, आरसा असेल तर उद्याच तिथून काढा. कपाटाचा नियम सोपा आहे, कपाट जेवढं उंच तेवढ्या अंतरात कुणाचं डोकं यायला नको. ते आडवं पडलं तर खोलीचं दार अडेल का हेही बघा, कारण आतून दार उघडलं नाही तर माणूस खोलीतच अडकतो. पलंग खिडकीच्या काचेला लागून असेल तर सरकवा, सरकवायला जागाच नसेल तर काचेवर सेफ्टी फिल्म (फुटलेल्या काचेचे तुकडे उडू न देणारा पारदर्शक पापुद्रा) लावा आणि रात्री जाड पडदा ओढून घ्या. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या सगळ्यात आधी बघा, त्यांना पटकन हलता येत नाही.

मग एक पिशवी घ्या, त्यात जाड तळाचे बूट, टॉर्च आणि शिट्टी टाका, चष्मा असेल तर जुना चष्माही बुटाच्या आत ठेवा, आणि पिशवी पलंगाच्या पायाला घट्ट बांधा. नुसती पलंगाखाली ठेवू नका, घर हललं की ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकते आणि अंधारात सापडत नाही. बूट एवढ्यासाठी, की भूकंपानंतर जमिनीवर काचांचा सडा असतो आणि झोपेतून उठलेला माणूस अनवाणीच पळतो. तळपाय कापला की पुढे ना स्वतःला बाहेर पडता येतं ना मुलाला उचलता येतं. प्रत्येक पलंगाला वेगळी पिशवी हवी.

आता उंच सामान भिंतीला बांधायचं काम. एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या किंवा बेल्ट मिळतात, त्या कपाटाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना लावायच्या. लोक इथे दोन गोष्टीत चुकतात. एक, स्क्रू कपाटाच्या पाठीच्या पातळ प्लायला मारतात, तो झटक्यात निघून येतो, स्क्रू जाड चौकटीतच गेला पाहिजे. दुसरं, भिंतीत स्क्रू नुसता प्लास्टरमधे राहतो, त्याला काही पकड नसते, ड्रिल प्लास्टर ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमधे गेलं पाहिजे, आणि पोकळ बोर्डाची भिंत असेल तर आतल्या सांगाड्याला पकडायचं. झालं की दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा, हललं तर परत करा. भाड्याच्या घरात ड्रिल करता येत नसेल तर निदान जड वस्तू सगळ्या खालच्या कप्प्यात आणा आणि माळ्यावरचं जड सामान उतरवा. टीव्ही, फ्रिज, गीझर, उंच पुस्तकांचा रॅक, सगळ्यांना हाच नियम.

स्वयंपाकघरात कपाटांच्या दारांना कडी किंवा लॅच लावा, नाहीतर काचेची भांडी आपल्याच अंगावर येतात. गॅस सिलिंडर असेल तर साखळीने किंवा पट्ट्याने भिंतीला बांधा, नळी लवचिक आणि चांगल्या अवस्थेतली हवी. घरातल्या प्रत्येकाला, मोठ्या मुलांनासुद्धा, रेग्युलेटर किंवा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कसा बंद होतो हे हाताने करून दाखवा. पाइपच्या गॅसचा मेन व्हॉल्व्ह मात्र वास आला किंवा फुसफुस ऐकू आली तरच बंद करायचा, कारण तो परत चालू करायला गॅस कंपनीचाच माणूस लागतो. आणि गॅसचा वास असेल तर काडी, मेणबत्ती, लाईटचं बटण, कशालाच हात लावू नका. १९०६ मधे सॅन फ्रान्सिस्को आणि १९२३ मधे टोकियो, दोन्हीकडे हादऱ्याइतकाच किंवा त्याहून जास्त नाश आगीने केला.

हे सगळं केलं तरी इमारतच कमकुवत असेल तर खरा धोका तिथे आहे. किल्लारीच्या भागात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड मातीची धाब्याची छपरं होती, तीच माणसांवर कोसळली. आजच्या इमारतींमधे खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर सगळे मजले भिंतींनी भरलेले, अशी रचना असेल, खांबांना तिरक्या चिरा असतील, सळ्या गंजून बाहेर दिसत असतील, किंवा कुणी खालच्या मजल्यावर भिंत किंवा खांब तोडला असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. एकट्याला परवडत नसेल तर सगळ्या रहिवाशांनी मिळून करा, पण टाळू नका.

हादरा बसला की काय करायचं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडायला हवं. खाली वाका, मजबूत टेबलाखाली शिरा, एका हाताने डोकं आणि मान झाका, दुसऱ्याने टेबलाचा पाय धरून ठेवा, टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. दाराच्या चौकटीत उभं राहायचं ही जुनी समजूत सोडून द्या. पलंगावर असाल तर तिथेच पालथं पडून उशी डोक्यावर घट्ट धरा. हलत असताना जिन्याकडे, लिफ्टकडे, बाहेर पळू नका, खूप लोकांना दाराशीच वरून पडलेल्या विटा आणि काचा लागतात. व्हीलचेअरवर असाल तर ब्रेक लावून पुढे वाका आणि डोकं झाका. मुलांबरोबर महिन्यातून एकदा सराव करा, प्रत्येक खोलीत कुठे शिरायचं ते त्यांनाच ठरवू द्या. समुद्रकिनाऱ्याला राहत असाल आणि जोराचा किंवा खूप वेळ चाललेला हादरा बसला तर त्सुनामीच्या, म्हणजे समुद्राच्या मोठ्या लाटांच्या, भीतीमुळे तो थांबल्याबरोबर चालत उंच जागी जा, सायरनची वाट बघू नका.

पाणी माणशी रोज ४ लिटर धरा, निदान ३ दिवसांचं. चार माणसांचं ४८ लिटर होतं, जागा असेल तर दोन आठवड्यांचं ठेवा. त्याबरोबर न शिजवता खाता येईल असं खाणं, रोजची औषधं, रेडिओ, पॉवर बँक, रोख पैसे, कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि बाळाचं सामान, हे बाहेर पडताना हाताशी येईल अशा जागी, दाराजवळ.

फोन लागत नाही हे गृहीत धरा, मेसेज पुष्कळदा जातो. दूरच्या शहरातला एक नातेवाईक ठरवा, सगळ्यांनी त्यालाच कळवायचं, आणि त्याचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात, मुलांच्या दप्तरात ठेवा. घराजवळची एक मोकळी जागा भेटायला ठरवा, शाळेतून मुलांना कोण आणणार तेही.

एकदा बाहेर पडलात की चिरा गेलेल्या घरात मोबाईल किंवा दागिने आणायला परत शिरू नका. तुर्कस्तानात २०२३ मधे पहिल्या धक्क्यानंतर साधारण ९ तासांनी जवळपास तेवढाच मोठा दुसरा धक्का बसला.

आणि शेजाऱ्यांशी बोला, खरंच बोला. कोबेत ढिगाऱ्यातून निघालेल्या बहुतेक लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, यंत्रणा पोचेपर्यंत तेच होते. मजल्यावर एकटं कोण राहतं, कुणाला चालता येत नाही, कोण कुठल्या खोलीत झोपतं हे एकमेकांना माहीत असू द्या, आणि एक पहार, फावडं, जाड हातमोजे आणि मजबूत दोर सगळ्यांना सापडेल अशा ठिकाणी, जमल्यास इमारतीच्या बाहेर, ठेवा.