लेझर सर्व्हिसच्या लाइनमध्ये येताय? मग आधी सोर्सचा इतिहास वाचा

डिप्लोमा किंवा बीई करून लेझर कटिंगमध्ये सर्व्हिस इंजिनीअर म्हणून लागलेली मुलं मला नेहमी विचारतात, की जॉइन व्हायच्या आधी काय वाचू? मॅन्युअल कंपनी देतेच हो. तुम्ही आधी मशीनवर ज्या कंपनीचा सोर्स, म्हणजे लेझरचा उजेड तयार करणारा भाग, बसवलाय तिचा इतिहास वाचा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत माझ्या पहिल्या साहेबांनी मोजली, ते पुढे सांगतो.

मी २०११ ला भोसरीत लागलो तेव्हा सगळीकडे सीओटू मशीन होत्या. कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, हेलियमचे सिलेंडर, लेझर जिथे तयार होतो तो रेझोनेटर, आणि तिथून निघालेला बीम आरशांवरून उड्या मारत कापणाऱ्या हेडपर्यंत यायचा. अर्धं आयुष्य अलाइनमेंट करण्यात आणि मिरर पुसण्यात जायचं. आणि हा सीओटू लेझर ज्यांनी शोधला ते कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, १९५८ ला पुण्याच्या सीओईपीतून इंजिनीअर झालेले! १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये त्यांनी हे काम केलं. मी सहा वर्षं त्यांच्या लेझरचे आरसे पुसले आणि ही गोष्ट मला नंतर कळली, याची अजून रुखरुख वाटते.

मग फायबर आला, म्हणजे काचेच्या तंतूत तयार होणारा लेझर. इथे तो बनवणाऱ्या आयपीजी फोटॉनिक्स कंपनीचा इतिहास माहीत असायलाच पाहिजे, कारण आज तुम्ही ज्या सोर्सचं कॅबिनेट उघडाल तो आयपीजीचा नसला तरी बहुतेक त्याच वळणाचा असणार.

व्हॅलेंटिन गॅपाँत्सेव नावाचे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ, मॉस्कोजवळ फ्र्याझिनो गावातल्या सरकारी संशोधन संस्थेत काम करायचे. १९९० च्या सुमारास देशाची घडी विस्कटत होती, संशोधनाला पैसा नव्हता, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या माणसाने तिथेच ही कंपनी काढली. १९९४ ला जर्मनीत बुरबाख, १९९८ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं ऑक्सफर्ड. गंमत बघा, त्याच काउंटीतल्या साउथब्रिजमध्ये एलायस स्निट्झर यांनी साठच्या दशकात काचेच्या तंतूतून लेझर काढून दाखवला होता. पण तेव्हा त्यात ताकद भरायला चांगले डायोड नव्हते, म्हणून ती कल्पना कितीतरी वर्षं तशीच पडून राहिली.

आता महत्त्वाचं. आयपीजी सुरुवातीला पत्रा कापायला निघालीच नव्हती, तिचा मोठा धंदा होता टेलिकॉमचे ॲम्प्लिफायर. २००१ च्या आसपास टेलिकॉम बाजार कोसळला, ऑर्डरी आटल्या, आणि तेव्हा गॅपाँत्सेवनी हात आखडता घ्यायच्या ऐवजी पंप डायोड, म्हणजे फायबरमध्ये उजेडाची ताकद भरणारे डायोड, स्वतः बनवायचं ठरवलं. डायोड, फायबर, अनेक फायबरचा उजेड एकत्र करणारा कंबायनर, सगळं घरचं. खर्च खाली आला, पॉवर वाढली आणि कंपनी वेल्डिंग-कटिंगकडे वळली. २००६ च्या डिसेंबरमध्ये शेअर बाजारात आली, २००९ मध्ये १० किलोवॉटचा सिंगल मोड, म्हणजे अगदी बारीक ठिपक्यावर एकवटता येणारा, लेझर दाखवला. माझ्या मते सगळ्यात धाडसी निर्णय तो डायोडचाच, बाकीचं त्याच्या मागून आलं.

हे तुम्हाला कशाला? कारण सोर्सची बांधणीच टेलिकॉमवाल्यांची आहे. एकेक सुटा डायोड, त्यांचा उजेड इटर्बियम नावाचं मूलद्रव्य घातलेल्या फायबरमध्ये, सगळे सांधे वितळवून जोडलेले, मध्ये कुठे हवा नाही, आरसा नाही. मोठ्या पॉवरच्या सोर्समध्ये असे अनेक मॉड्यूल, सगळ्यांची पॉवर एका कंबायनरमध्ये एकत्र. म्हणून एखादं मॉड्यूल गेलं तरी मशीन बंद पडेलच असं नाही, ऑपरेटर एवढंच सांगतो की काल १२ एमएम एमएस (साधं पोलाद) कापत होतं, आज खालच्या कडेला बर (चिकटलेला वितळलेला धातू) येतोय, पण २ एमएम मस्त चाललंय. नवीन पोरगा लगेच नोझल आणि गॅस प्रेशरशी खेळत बसतो. तुम्ही आधी प्रोटेक्शन ग्लास, म्हणजे हेडमधल्या लेन्सला वाचवणारी काच, बघा, ती स्वच्छ असेल तर पॉवर मीटर लावा, मग मॉड्यूलचे अलार्म.

आता माझी चूक. सीओटूच्या सवयीने मी एका कस्टमरकडे फायबरच्या हेडची प्रोटेक्शन ग्लास उघड्यावर काढली आणि कंप्रेसरची हवा मारली. त्या हवेत तेलाचा अंश होता. मशीन चालू केल्यावर काही मिनिटांत ग्लासवर पांढरा ठिपका, मग तडा, आणि वरची फोकस लेन्सही गेली, दोन शिफ्ट मशीन उभी आणि लेन्सचे पैसे साहेबांनी भरले. सीओटूमध्ये घाण दहा ठिकाणी वाटली जाते, फायबरमध्ये सोर्सपासून हेडपर्यंत सगळं बंद, उघडं ते फक्त हेड, त्यामुळे सगळा धोका तिथेच गोळा होतो. तेव्हापासून मी ग्लास बदलताना हेडच्या तोंडाला आधी टेप लावतो, फॅन बंद करायला सांगतो, आणि नवी ग्लास टॉर्चच्या तिरक्या उजेडात फिरवून बघितल्याशिवाय बसवत नाही.

डोळ्यांचं तर अजिबात हलकं घेऊ नका. सीओटूची वेव्हलेंग्थ १०.६ मायक्रॉन, ती साधं ॲक्रिलिक अडवतं, काचेच्या फायबरमधूनही ती जात नाही, म्हणून तर आरसे लागायचे. फायबर लेझर १.०७ मायक्रॉन, दिसत नाही, ॲक्रिलिकमधून आरपार जातो आणि थेट डोळ्याच्या पडद्यावर जमा होतो. जुन्या मशीनचं पारदर्शक कव्हर काढून फायबरला लावलेलं मी एका शॉपमध्ये पाहिलंय, तिथे काम न करता परत आलो.

आता वुहानची रेकस, शेनझेनची मॅक्सफोटॉनिक्स यांनी किमती इतक्या पाडल्यात की छोट्या वर्कशॉपमध्येही फायबर दिसतो. गॅपाँत्सेव २०२१ मध्ये गेले, युक्रेन युद्धानंतर आयपीजीला रशियातलं उत्पादन हलवावं लागलं आणि २०२४ मध्ये तिथला धंदा विकून टाकला. नाव कुठलंही असो, कॅबिनेटच्या आत डायोड, मॉड्यूल, कंबायनर हेच. पहिल्या आठवड्यात सिनिअरच्या मागे लागा, कॅबिनेट उघडून दाखवायला सांगा, आणि डायोडपासून नोझलपर्यंतचा उजेडाचा रस्ता वहीत स्वतःच्या हाताने काढा.